गव्हाणीत कापूस नसतो

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की आमच्या शाळेच्या पालक ग्रुपवर दरवर्षी तोच निरोप येतो. चोवीस तारखेला ‘रेड डे’. मुलांनी लाल कपडे घालून यावं, सांताची टोपी आणावी, प्रत्येक वर्गातून एकाने पूर्ण सांता होऊन यावं. निरोप आला की बाजारपेठेतला ड्रेस भाड्याने देणारा दुकानदार गॅदरिंगचे मावळे आणि वारकरी मागे सारतो आणि लाल झगे पुढे टांगतो. वर्गात थर्माकोलचे ताव येतात, कापसाच्या गुंडाळ्या येतात. कापूस पिंजून खिडक्यांच्या कडांना चिकटवला की बर्फ तयार. खिडकीबाहेर मात्र नगर जिल्ह्यातला डिसेंबर असतो. ज्वारी पोटऱ्यात आलेली, रस्त्याने कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्या, आणि सकाळच्या थंडीत स्वेटरवर टॉवेल गुंडाळून येणारी मुलं.

बावीस वर्षं मी प्राथमिकला शिकवते आहे. हा कापूस मी स्वतः चिकटवला आहे, मुलांच्या गालांना लाली लावली आहे, ‘जिंगल बेल्स’वर नाच बसवले आहेत. आता ते माझ्याच्याने होत नाही. का होत नाही ते नीट मांडायला हवं, कारण या विषयावर हल्ली दोनच आवाज कानावर पडतात. एक म्हणतो, शाळेत ख्रिसमस नकोच, ही आपली संस्कृती नव्हे. दुसरा म्हणतो, लहान मुलांची मजा आहे, त्यात काय एवढं. मला दोन्ही पटत नाहीत. नाताळ प्राथमिक शाळेत यायलाच हवा, पण ज्यांचा तो सण आहे त्या माणसांसकट यायला हवा. आज आपण शाळेत जे साजरं करतो त्यात लाल रंग आहे, टोपी आहे, केक आहे. ख्रिस्ती माणूस कुठेच नाही.

हे माझ्या लक्षात आलं ते एका मुलीमुळे.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. त्यात एकच मुलगी ख्रिस्ती घरातली. आडनावावरून कळायचं नाही, कारण नगर भागातल्या ख्रिस्ती घरांची आडनावं इतर सगळ्यांच्या आडनावांसारखीच असतात. तिच्या ख्रिस्ती असण्याची वर्गात कधी चर्चाही झाली नव्हती. रेड डेच्या तयारीत आम्ही चांदण्या कापत बसलो होतो. शेजारच्या मुलाने तिला विचारलं, “तुमच्याकडे सांता खरंच येतो का गं?” ती म्हणाली, “आमच्याकडे आजी येते. करंज्या घेऊन.” दोघंतिघं हसले. एकजण ठासून म्हणाला, “करंज्या दिवाळीला असतात. ख्रिसमसला केक असतो.” ती गप्प झाली. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाजवळ आली आणि हळूच म्हणाली, “बाई, आमचा ख्रिसमस चुकीचा असतो का?”

बावीस वर्षांत मुलांनी मला पुष्कळ अवघड प्रश्न विचारले. एवढा कुठलाच लागला नाही. अख्ख्या वर्गात ज्या एका मुलीच्या घरी तो सण खरा होता, तिलाच आम्ही आमच्या कापसाने आणि टोप्यांनी सांगत होतो की तुझ्या घरचं खरं नव्हे. आम्ही दाखवतो तेच खरं.

तिच्या घरी काय असतं ते मी नंतर तिच्या आजीकडून ऐकलं. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमन काळ. त्या दिवसांत घराला रंगाचा हात द्यायचा, पोरांना नवे कपडे घ्यायचे, आणि शेवटच्या आठवड्यात फराळाला बसायचं. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, शेव. आकाशकंदील दिवाळीचाच पुन्हा काढायचा, फक्त चांदणीचा असला तर तो आधी. रात्री मंडळी पेटी, ढोलकी आणि टाळ घेऊन घरोघर गाणी म्हणत जाणार, आणि त्यातली कितीतरी गाणी अभंगाच्या चालीवरची. पंचवीसला सकाळी उपासना, मग शेजारीपाजारी ताटं वाटणं. आमच्या नव्वद टक्के मुलांना हे सांगितलं तर ती म्हणतील, हे तर आपल्या दिवाळीसारखंच आहे. आहेच. नेमकं तेवढंच शाळेत कुणी सांगत नाही.

‘आपली संस्कृती नव्हे’ असं म्हणणाऱ्यांना मी इथे थांबवते. आपली म्हणजे कुणाची? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती आहेत, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. गोव्यात चौघांत एक. महाराष्ट्रातले सगळे काही मराठी बोलणारे नाहीत, पण वसईचे आहेत, नगरचे आहेत, जालन्याचे, मिरज-कोल्हापूरकडचे आहेत. वसई १५३४ साली पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. पोर्तुगीज गेले, तिथले ख्रिस्ती मात्र तिथेच राहिले, कारण ते त्याच मातीतले होते. आजही त्यांच्या घरात सामवेदी, वाडवळी या बोली बोलल्या जातात, आणि त्यांच्यातलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. आमच्या नगरच्या मातीत रेव्हरंड ना. वा. टिळक राहिले, ज्यांना फुलामुलांचे कवी म्हणून मराठी शाळांनी पिढ्यान् पिढ्या वाचलं. भजन-अभंगांचा साज त्यांनी ख्रिस्ती उपासनेला चढवला. त्या मुलीच्या आजीची गाणी त्याच वळणाची आहेत.

एक गोष्ट तर आम्हा शिक्षिकांनी विसरताच कामा नये. जोतीराव फुल्यांनी मिस फरार या मिशनरी बाईंची मुलींची शाळा नगरलाच पाहिली होती, आणि पुण्यात मुलींसाठी शाळा काढायची प्रेरणा त्यांना तिथून मिळाली. पुण्यात ती शाळा १८४८ साली उभी राहिली. नाताळनंतर नवव्या दिवशी, तीन जानेवारीला, आपण सावित्रीबाईंची जयंती करतो. मुली लुगडं नेसून, आडवं कुंकू लावून येतात, भाषणं करतात. त्या कथेत ही मिशनरी बाई आहे हे मुलांना कळलं तर सावित्रीबाईंचं मोठेपण उणं होत नाही. इतिहास तेवढा पुरा होतो.

शब्दाकडेही बघा. माझ्या लहानपणी आम्ही ‘नाताळची सुट्टी’ म्हणायचो. आता पहिलीतलं मूलही ‘ख्रिसमस’ म्हणतं, आणि नाताळ म्हणजे काय विचारलं तर तोंडाकडे बघत राहतं. नाताळ हा पोर्तुगीज शब्द, अर्थ जन्म. बटाटा, पाव, चावी हे त्याच वाटेने आपल्याकडे आलेले. चौथीच्या मुलांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना एवढी गंमत वाटली की दोन दिवस ती घरातल्या दर वस्तूचं नाव पोर्तुगीज आहे का म्हणून विचारत होती. एक सण, एक शब्द, त्यातून चारशे-पाचशे वर्षांचा व्यवहार कळतो. कापूस चिकटवून यातलं काय कळणार?

आता त्या सांताबद्दल. त्या म्हाताऱ्यावर माझा राग नाही. मूळ माणूस चांगला होता. चौथ्या शतकात मायरा इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, निकोलस नावाचे बिशप होते. एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्याअभावी अडली होती, तेव्हा त्यांनी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या त्यांच्या घरात टाकल्या अशी आख्यायिका आहे. हुंड्याची ही गोष्ट आपल्या मुलांना समजावून सांगावी लागणार नाही, दुर्दैवाने. पण शाळेत येतो तो हा निकोलस नव्हे. शाळेत येतो तो एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घडलेला आणि १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी जगभर नेलेला सांता. त्या निकोलसने कोण देतंय हे कळू दिलं नाही आणि मुली गुणी आहेत का हेही विचारलं नाही. आजचा सांता मात्र शहाण्या मुलांनाच भेट देतो.

आठ वर्षांच्या मुलाला याचा अर्थ काय लागतो ते मी पाहिलं आहे. शहरातल्या नातेवाइकांकडे जाऊन आलेल्या एका मुलाने वर्गात सांगितलं की सांताने त्याला सायकल दिली. वस्तीवरून चालत येणारा एक मुलगा ते ऐकत होता. त्याने मला विचारलं, “बाई, आमच्या वस्तीवर गाडी येत नाही म्हणून सांता येत नाही का?” रस्ता खराब आहे हे कारण त्याने स्वतःच शोधून काढलं होतं. दुसरं कारण, म्हणजे आपण पुरेसे शहाणे नाही हे, त्याच्या मनात आलं नव्हतं की त्याने बोलून दाखवलं नाही, ते मला कळलं नाही. पण त्या वयाचं प्रत्येक मूल बोलून दाखवत नाही एवढं मला माहीत आहे. वर टोपीचे पैसे, ड्रेसचं भाडं, सिक्रेट सांतासाठी ‘किमान शंभर रुपयांची’ भेटवस्तू. ज्या आईला शेतात एका दिवसाच्या खुरपणीवर घर चालवायचं असतं तिच्यासाठी हे शंभर रुपये म्हणजे मजा नसते.

आणि एवढं करून ज्या जन्माचा हा दिवस आहे त्या येशूच्या जन्माची गोष्ट आपण सांगतच नाही.

ती गोष्ट आपल्या मुलांना इतकी जवळची आहे की नवल वाटतं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात ती आहे. सरकारने खानेसुमारी काढली म्हणून एक सुतार आणि त्याची दिवस भरलेली बायको लांबचा प्रवास करून गावी आली. उतारशाळेत जागा नाही. मूल झालं, आणि आईने त्याला फडक्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. बातमी सगळ्यांत आधी कळली ती रात्री रानात मेंढरं राखणाऱ्यांना. मत्तयाच्या शुभवर्तमानात पुढे आहे की राजा लहान मुलांच्या जिवावर उठला म्हणून आईबाप बाळाला घेऊन परमुलखात पळाले.

आमच्याकडे डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. बीड, पाथर्डी, शेवगावकडच्या टोळ्या उचल घेऊन दिवाळीच्या आसपास निघतात आणि कारखान्याच्या आसऱ्याने पाचटाच्या कोप्या घालून राहतात. त्या कोप्यांत बाळंतपणं होतात. दिवस भरलेली बाई शेवटपर्यंत मोळ्या वाहते हे आमच्या भागात कुणाला नवं नाही. माझ्या वर्गातही अशी मुलं येतात, हंगामापुरती. धनगरांची मुलं तर कायमची आहेत. मेंढरं राखणाऱ्यांना बातमी आधी कळते हे वाक्य मी सांगितलं तेव्हा त्यातला एकजण सावरून बसला. बर्फ आणि घसरगाडीची गोष्ट सांगून हे घडलं नसतं.

युरोपातही गोठ्याचा देखावा कुठून आला? इटलीतल्या ग्रेचियो नावाच्या खेड्यात १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने खरा बैल आणि खरं गाढव आणून, वाळलेलं गवत पसरून लोकांना ती रात्र दाखवली. साध्या शेतकरी माणसांना ही गोष्ट आपली वाटावी म्हणून. गोव्यात, वसईत आजही पोरं डिसेंबरभर गोठे उभारतात, त्यांच्या स्पर्धा होतात. आणि त्यासाठी एक गोष्ट करतात ती ऐकून आमच्या मुलांचे डोळे मोठे झाले. गोठ्याभोवती हिरवळ दिसावी म्हणून दहा-बारा दिवस आधी पसरट भांड्यात नाचणी किंवा गहू पेरतात. मुलं लगेच ओरडली, “घटासारखं!” नवरात्रात आपण घटाशी धान्य पेरतो तसंच.

त्या मुलीचा वर्ग पुढच्या वर्षी माझ्याबरोबरच चौथीत आला, आणि त्या डिसेंबरात आम्ही कापूस आणलाच नाही. नाचणी आणली. दहा तारखेला पत्र्याच्या दोन घमेल्यांत माती आणि शेणखत कालवून पेरली. रोज सकाळी दोघांची पाणी शिंपडायची पाळी. एक घमेलं खिडकीपाशी ठेवलं, दुसरं कपाटाच्या आड. कपाटाआडचं पिवळं पडलं, खिडकीपाशीचं हिरवंगार झालं, आणि परिसर अभ्यासाचा धडा वेगळा शिकवायची गरज राहिली नाही. कोंब किती वाढला ते मुलं पट्टीने मोजून वहीत लिहीत होती.

मग गव्हाण. मी पुठ्ठ्याची करणार होते. मुलांनी मला करू दिली नाही. गव्हाण पुठ्ठ्याची नसते, ती दगडमातीची असते, आता सिमेंटची बांधतात, पूर्वी लाकडाची असायची, बैलाच्या छातीइतकी उंच असते, गाईची जरा खाली असते, असं एकेकजण सांगू लागला. आत काय असतं यावर तर अर्धा तास गेला. कडबा, हिरवा घास, पेंड, तळाशी उरलेली बुरकुंडं. एका मुलीने हात वर केला. तिच्या घरी सहा गुरं आहेत. ती म्हणाली, “बाई, पण बाळाला गव्हाणीत ठेवलं तर गुरांचं तोंड लागेल ना. रात्री गुरं खातात.” वर्ग शांत झाला. मग कुणीतरी म्हणालं, आई जागी राहिली असेल. दुसरा म्हणाला, गुरांना कळतं, आमची गाय बाळाला चाटते. तिसऱ्याने विचारलं, गावात त्यांना कुणीच घरात का घेतलं नाही? याचं उत्तर शोधताना मुलांनी आपल्याच गावात कुणाला कोण घरात घेत नाही ते सांगायला सुरुवात केली. ते इथे लिहीत नाही. ती घरं ओळखू येतील. पण मूल्यशिक्षणाच्या तासाला मला इतक्या वर्षांत जे साधलं नव्हतं ते त्या दिवशी घडलं.

चोवीस डिसेंबर म्हणजे साने गुरुजींचा जन्मदिवस, १८९९ चा. आमच्या शाळेत त्यांच्या फोटोला हार घालून त्यांची प्रार्थना म्हणतात आणि दहा मिनिटांत कार्यक्रम आटोपून सांताला बोलावतात. पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून १९४७ साली उपोषणाला बसलेला माणूस, आणि जागा न मिळालेल्या आईबापांची गोष्ट. एकाच दिवशी दोन्ही आपल्या दारात येतात, आणि आपण त्यांची गाठ घालून देत नाही. त्या वर्षी आम्ही घातली.

आता हरकतींकडे येते. त्या खऱ्या आहेत आणि मी त्या मनावर घेते.

एक पालक मला भेटायला आले. आवाज चढवला नाही, पण चेहरा घट्ट होता. “बाई, कुणी फादर आणून पोरांकडून प्रार्थना तर घेणार नाही ना?” धर्मांतराचं बोलणं सगळीकडे ऐकू येतं, आईबापाच्या मनात ती भीती येते, आणि तिला हसण्यावारी नेणं मला बरोबर वाटत नाही. मी त्यांना संविधानाचं २८ वं कलम सांगितलं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही, आणि मूल लहान असेल तर पालकाची संमती लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात हेही स्पष्ट केलं की धर्मांची ओळख करून देणं आणि धार्मिक शिक्षण देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून आमच्याकडे आजी येणार, त्यांच्या घरी नाताळ कसा असतो ते सांगणार, एखादं गाणं म्हणणार. मुलं ऐकतील. हात जोडायला कुणी सांगणार नाही. तुम्हाला नको असेल तर तुमचा मुलगा तेवढा वेळ वाचनालयात बसेल आणि त्याला कुणी शब्दाने विचारणार नाही.

२०२३ च्या डिसेंबरात मध्य प्रदेशात शाजापूर जिल्ह्याच्या शिक्षण अधिकाऱ्यांनी आदेश काढला होता की पालकांच्या लेखी परवानगीशिवाय मुलांना सांता वगैरे बनवू नये. तेव्हा आमच्या शिक्षक खोलीत त्यावर बरीच वादावादी झाली. संमती घ्यावी यात मला वावगं काही दिसत नाही, ते संविधानातच आहे. वावगं हे की ती फक्त डिसेंबरात आठवावी. आमची शाळा अनुदानित आहे. दसऱ्याला पाटीपूजन होतं, सरस्वतीपुढे सगळी मुलं ओळीने नमस्कार करतात. श्रावणात, गणपतीत, आषाढीच्या दिंडीत आम्ही कुणाची संमती मागितली? त्या ख्रिस्ती मुलीच्या आईला, दोन मुसलमान मुलांच्या घरी, कधी विचारलं? मी स्वतः देवाधर्माचं करणारी आहे. मार्गशीर्षातले गुरुवार मी चुकवत नाही. तरी जो नियम मी नाताळला लावते तो मला माझ्या सणाला लावावाच लागतो. दिंडी काढा, जरूर काढा, तुकोबा आणि ज्ञानोबा हे मराठीचे प्राण आहेत. पण नमस्कार करायचा की नाही हे त्या मुलाच्या घरावर सोडा. हे मी आमच्या बैठकीत बोलले तेव्हा दोन सहकारी माझ्यावर नाराज झाले. ती नाराजी अजून गेलेली नाही.

दुसरी हरकत मजावाल्यांची. मुलांना नाचू द्या, टोप्या घालू द्या, एवढं जड कशाला करता? मी नाचाच्या विरोधात नाही. पण मुलांच्या मजेचा आपला हिशोब फार कोता आहे. घमेल्यातली नाचणी वाढताना पाहणं, आजीच्या टाळावर ताल धरणं, खरी करंजी खाणं यात मजा नव्हती असं त्या चाळीस मुलांतलं एकही म्हणणार नाही. माझी भाची इंग्लंडात असते. तिच्या मुलाच्या प्राथमिक शाळेत डिसेंबरात जन्मकथेचं नाटुकलं होतं आणि हा मराठी पोरगा डोक्याला ताटं पुसायचा टॉवेल बांधून मेंढपाळ झाला होता. तिथला कायदा आपल्याहून अगदी वेगळा आहे. १९४४ पासून तिथल्या सरकारी शाळांत सामूहिक उपासना कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि नको असेल त्या पालकाला मूल बाजूला ठेवण्याचा हक्क आहे. ते आपण घेऊ नये, आपलं संविधान अधिक न्यायाचं आहे. पण तिथे लाल स्वेटरांच्या बरोबरीने गोष्ट आहे. आपण स्वेटर तेवढा उचलला.

वेळ नाही म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की रेड डेच्या सजावटीला लागायचा त्याहून कमी वेळ आम्हाला लागला.

फादरबद्दल विचारणारे ते पालक कार्यक्रमाच्या दिवशी आले होते. मुलाला वाचनालयात पाठवलं नाही, स्वतःच मागच्या बाकावर येऊन बसले. आजींनी घरच्या नाताळाचं सांगितलं, गाणं म्हटलं, त्यांच्या नातीने टाळ धरला. ज्या मुलाने वर्षभरापूर्वी करंजी दिवाळीलाच असते म्हणून ठासून सांगितलं होतं त्याने दोन करंज्या खाल्ल्या. सगळं आटोपल्यावर ते पालक आजींजवळ गेले आणि विचारलं, “तुम्ही हरेगावला जाता का?” श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीची, म्हणजे येशूची आई मरिया हिची, यात्रा भरते, तिथे सगळ्या जातीधर्माची माणसं जातात. आजी म्हणाल्या, दरवर्षी. ते म्हणाले, “आमची आई जायची. नवस बोललेली होती माझ्यासाठी.” मग दोघं बराच वेळ बोलत उभे होते. ते माझ्या मताशी सहमत झाले असं मी म्हणत नाही. जाताना त्यांनी मला पुन्हा बजावलं की फादर आणायचे नाहीत.

मोठ्या बाईंनी यंदा पूर्ण शाळेचा निरोप लिहायचं काम माझ्यावर सोपवलं. तो मी असा लिहिला:

“दहा डिसेंबरला प्रत्येक मुलाने मूठभर नाचणी किंवा गहू आणावा. टोपी, दाढी, लाल ड्रेस विकत किंवा भाड्याने आणू नये. भेटवस्तू आणू नये. चोवीस तारखेला साने गुरुजी जयंती आणि नाताळची ओळख असा एकच कार्यक्रम होईल. प्रार्थना किंवा पूजा होणार नाही. ज्यांना आपलं मूल कार्यक्रमाला बसवायचं नाही त्यांनी कळवावं, कारण विचारलं जाणार नाही. हीच पद्धत यापुढे शाळेतल्या प्रत्येक सणाला राहील. गोठ्यासाठी कुणाच्या घरी जुनी गव्हाण असल्यास सांगावं.”

शेवटच्या ओळीच्या आधीच्या ओळीवर ग्रुपवर रात्रभर वाद चालला. सकाळी सहाला पहिलं उत्तर आलं, ते शेवटच्या ओळीवरचं होतं. “मॅडम, आजोबांच्या वेळची लाकडी आहे. जड आहे. ट्रॉलीत घालून आणतो, उतरवायला चार माणसं ठेवा.”